आंतरविद्याशाखीय केंद्राचा इतिहास: स्थापनेचे साल कोणते धरायचे?

खानापूर_रोड:
नमस्कार मंडळी. आपल्या बेळगावकडच्याच एका विद्यापीठातल्या स्त्री-अभ्यास केंद्राचा इतिहास लिहायला घेतला आहे. कोनशिलेवर एक साल, वार्षिक अहवालात दुसरे, माहितीपत्रकात तिसरे. खरे कोणते? शिवाय पहिल्या काही वर्षांची फाइलच केंद्रात नाही. ती कुठे शोधावी?

मलप्रभाकाठ:
तिन्ही सालं खरी असू शकतात. केंद्र एका दिवसात उभे राहत नाही. आधी विद्या परिषदेत प्रस्ताव येतो, मग सिंडिकेटचा (विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळाचा) ठराव होतो, त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे मंजुरीपत्र आणि शेवटी पहिली नेमणूक. उद्घाटन यांपैकी कशाच्याही आधी किंवा नंतर होते, त्यामुळे कोनशिलेचा पुरावा सर्वांत कच्चा. सिंडिकेटचा ठराव म्हणजे स्थापना असे धरा, पण बाकीच्या तारखाही मजकुरात द्या. ठराव आणि पहिली नेमणूक यांत दोन-तीन वर्षांचे अंतर निघाले, तर त्या काळात काय अडले होते हे शोधा. इतिहासाचा गाभा बहुतेक तिथेच सापडतो.

साल पडताळायला देशपातळीवरचा क्रम हाताशी ठेवा. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाचे स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र १९७४ चे. विद्यापीठांतल्या स्त्री-अभ्यास केंद्रांसाठी आयोगाची योजना सातव्या पंचवार्षिक योजनेत (१९८५–९०) आली आणि पुणे विद्यापीठातले केंद्र १९८७ ला सुरू झाले. त्यामुळे आयोगाच्या या योजनेतून १९८० साली केंद्र निघाले असे कुणी सांगितले, तर मूळ पत्र पाहिल्याशिवाय लिहू नका.

अशा केंद्रांचे पंचांग म्हणजे पंचवार्षिक योजना असत. योजना संपली की पदांचा भार राज्याने उचलायचा असे. तो उचलला नाही तर पद रिकामे राहत असे, केंद्र मात्र कागदावर चालू दिसत असे. म्हणून १९९०, १९९२, १९९७, २००२, २००७, २०१२ आणि २०१७ या सालांच्या आसपासचे अहवाल ओळ न ओळ वाचा. १९९० ते ९२ मध्ये पंचवार्षिक योजना नव्हतीच, वार्षिक योजना होत्या. बारावी योजना ३१ मार्च २०१७ ला संपली आणि ती शेवटचीच.

टिळकवाडी_ग्रंथालय:
हरवलेली फाइल बहुधा मूळ विभागात असते. सुरुवातीला समाजशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या प्राध्यापकांकडे मानद संचालकपद दिलेले असते. पगार विभागातून, पत्रव्यवहार विभागाच्या जावक क्रमांकावर. केंद्राचा खर्च फार कमी दिसतो तो याच कारणाने, त्यावरून काम कमी होते असा निष्कर्ष काढू नका. त्या विभागाची आवक-जावक नोंदवही मागा.

पीएचडीचेही तेच. केंद्राला स्वतःच्या नावाने नोंदणीचा अधिकार नसेल तर प्रबंध मूळ विषयाखाली जातात. शोधगंगेवर (पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) केंद्राचे नाव टाकून थांबू नका, मार्गदर्शकाच्या नावानेही शोधा. २००९ पूर्वीचे बरेच प्रबंध तिथे नसतात, त्यासाठी विद्यापीठ ग्रंथालयाची छापील यादी पाहावी लागते. रोमन लिपीत शोधताना बेळगाव आणि विजापूरची जुनी स्पेलिंगं (Belgaum, Bijapur) वापरा. अधिकृत नावे १ नोव्हेंबर २०१४ ला बदलली.

निपाणी_चौक:
आपल्या भागात आणखी एक गुंता आहे. बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चे. त्याआधी इथे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते, १९८२ पासून. म्हणजे २०१० पूर्वीचे सगळे ठराव धारवाडच्या सिंडिकेटचे. बेळगावात शोधून ते सापडणार नाहीत.

माहिती अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. कर्नाटकाच्या नियमात एक अट आहे ती बरेच जण विसरतात: एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांपर्यंतच मजकूर. ‘केंद्राची सर्व माहिती द्या’ असे लिहू नका. ‘अमुक ते अमुक सालातील सिंडिकेट इतिवृत्तांमधील या केंद्राविषयीच्या ठरावांच्या प्रती’ असे लिहा. ठराव क्रमांक माहीत नसेल तर आधी कागदपत्रे पाहण्याची परवानगी मागा, मग लागतील तेवढ्याच पानांच्या प्रती घ्या.

खानापूर_रोड:
फार उपयोगी. अर्ज मराठीत चालेल का?

निपाणी_चौक:
कायद्याच्या कलम ६(१) नुसार इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा. इथे तिसरी भाषा कन्नड, त्यामुळे मराठी अर्ज परत येऊ शकतो. कन्नडमध्ये द्या, कारकून लगेच फाइल काढतो, इंग्रजी अर्ज टेबलावर फिरत राहतो. उत्तराला ३० दिवस. नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. अर्ज चुकून बेळगावला गेला तर ५ दिवसांत तो धारवाडला पाठवणे त्यांच्यावर कलम ६(३) ने बंधनकारक आहे, पण वेळ वाचवायचा तर दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज टाका आणि पोच जपून ठेवा.