नाझींच्या ताब्यातलं ब्रिटन: कुठली मालिका बघावी?

मधली_सुट्टी:
'द मॅन इन द हाय कॅसल'चे चारही सीझन गेल्या आठवड्यात संपवले. शेवट सोडला तर आवडली. पण ती बहुतेक अमेरिकेत घडते. १९४० मध्ये जर्मन खरंच इंग्लंडमध्ये उतरले असते तर काय झालं असतं, यावरचं काही सुचवा. मालिका असेल तर उत्तम. नवऱ्याला पोलिसी तपास लागतो, मला घराघरांतलं राजकारण. रणगाडे आणि धडाधड गोळीबार दोघांनाही नको. जुनी असली तरी चालेल. बीबीसीची 'एसएस-जीबी' दिसतेय, कोणी बघितली आहे का?

वांद्रेकर:
तुमच्या यजमानांसाठी तीच. २०१७ ची, पाचच भाग. लेन डाइटनच्या १९७८ च्या कादंबरीवर आहे. काळ नोव्हेंबर १९४१, चर्चिलना मारून टाकलंय, राजा लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत. स्कॉटलंड यार्डचा डग्लस आर्चर (सॅम रायली) एका खुनाचा तपास करतोय, आणि साहेब मात्र एसएसचे, म्हणजे नाझींच्या निमलष्करी दलाचे. गंमत अशी की साहेब दोन आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही. केलरमान गोडबोल्या, हुथ थंड डोक्याचा. लार्स आयडिंगरने हुथ असा केलाय की तो खोलीत आला की आपणच सावरून बसतो.

अर्धा_कप:
बघा, पण सबटायटल्स लावूनच. पहिला भाग लागला तेव्हा संवाद ऐकू येत नाहीत म्हणून बीबीसीकडे तक्रारी गेल्या होत्या. रायली सगळं घशातल्या घशात बोलतो. शिवाय तिसऱ्या भागापासून कोण कोणाच्या बाजूने आहे याचा पत्ता लागत नाही. शेवट लोंबकळत ठेवलाय आणि दुसरा सीझन काही आलेला नाही. माझ्याकडून दहापैकी सहा. स्वस्तिकवाल्या झेंड्यांचं लंडन दिसतं मात्र झकास.

जुना_रेडिओ:
झेंड्यांचं लंडन झकास दिसतं, हीच माझी या प्रकाराबद्दल तक्रार आहे. पोस्टरवर लाल-काळा रंग आला की आपण निवांत बसतो, कारण वाईट माणसं गणवेशावरून ओळखू येतात. मधली_सुट्टी, तुम्हाला घराघरांतलं हवंय ना? मग 'ॲन इंग्लिशमन्स कॅसल' शोधा. बीबीसी टू, १९७८, तीन भाग, लेखक फिलिप मॅकी. यात काळ सत्तरच्या दशकातला. पराभवाला एक पिढी उलटून गेली आहे. रस्त्यावर जर्मन शिपाई जवळपास दिसतच नाही. बस, दुकानं, संध्याकाळचा टीव्ही, सगळं जिथल्या तिथे. नायक पीटर इंग्रॅम हा टीव्ही मालिकेचा लेखक, आणि त्याची तुफान चालणारी मालिका आहे १९४० च्या आक्रमणावर! म्हणजे जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना त्यांच्याच पराभवाची कौटुंबिक मालिका बघायला दिली आहे. काय लिहायचं नाही हे इंग्रॅमला कोणी सांगावं लागत नाही, त्याला ते आपोआप कळतं. ती भूमिका केलीय केनेथ मोरने. १९५६ च्या सिनेमात हाच डग्लस बेडर झाला होता, दोन्ही पाय गमावूनही लढणारा वैमानिक. त्या वेळच्या इंग्रज प्रेक्षकाला आपला लाडका युद्धवीर असा तडजोडी करत जगताना बघून काय वाटलं असेल!

सेट साधे आहेत, बरंचसं खोल्यांमध्ये बसून बोलणं आहे. नाटक बघायची सवय असेल तर अडचण नाही.

खारी_बिस्किट:
+१. वाचनखूण साठवली.
माझ्याकडून 'फादरलँड', १९९४, एचबीओचा टीव्ही-सिनेमा, रुटगर हाउअर. १९६४ चं बर्लिन, पुन्हा एक पोलीस, पुन्हा एक प्रेत.

मधली_सुट्टी:
धन्यवाद, पण ते बर्लिन झालं. जुना_रेडिओ, तुम्ही म्हणताय ते पटतंय. 'एसएस-जीबी'तल्या आर्चरसारख्या माणसाबद्दल ती मालिका काय म्हणते? त्याला माफ करते का?

जुना_रेडिओ:
मालिका त्याला थोडी जास्तच लवकर माफ करते. खुनी पकडायला कोणीतरी हवंच, सरकार कोणाचंही असो, हा त्याचा युक्तिवाद. गोऱ्या साहेबाची चाकरी करणारे आपल्याकडचे फौजदारही हेच म्हणत असणार, त्यामुळे आपल्याला तो इंग्रज प्रेक्षकापेक्षा जरा लवकर समजतो.

पण याचं उत्तर कल्पनेत शोधायची गरजच नाही. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळची, ब्रिटिश राजसत्तेखालची चॅनल बेटं खरोखर जर्मनांच्या ताब्यात होती, जून १९४० अखेरपासून मे १९४५ पर्यंत. त्याआधी २८ जूनला त्यांतल्या ग्वर्नसी बेटाच्या बंदरावर बॉम्ब पडले. तिथे टोमॅटो घेऊन ट्रक रांगेत उभे होते, ते लष्करी वाहनं समजून उडवले. ताबा आल्यावर इंग्रजी हेल्मेट घातलेले तेच पोलीस त्याच रस्त्यांवर फिरत राहिले. ज्यूंची नोंदणी करायचा हुकूम जर्मनांचा, पण ती केली बेटांवरच्या नेहमीच्या कारकुनांनी. ग्वर्नसीहून नेलेल्या तीन ज्यू बायका ऑशविट्झमध्ये मेल्या. उलट बाजूने, १९४२ मध्ये ग्वर्नसीच्या पोलिसांपैकीच बऱ्याच जणांवर जर्मन कोठारांतून अन्न चोरल्याबद्दल खटला चालला.

त्या बेटांवर 'एनिमी ॲट द डोअर' ही मालिका आहे. लंडन वीकएंड टेलिव्हिजन, १९७८ ते ८०, दोन सीझन, २६ भाग. डॉक्टर मार्टेल आणि मेजर रिख्टर यांच्यातलं सभ्य, अवघडलेलं बोलणं हा तिचा गाभा. रिख्टर सुसंस्कृत आहे, आणि त्यामुळेच जास्त त्रासदायक. एसएसचा राइनिके करणारा सायमन कॅडेल पुढे विनोदी मालिकेत प्रसिद्ध झाला, हे कळल्यावर मला पहिल्यांदा हसूच आलं.

वांद्रेकर:
सिनेमा चालत असेल तर 'इट हॅपन्ड हिअर' राहिला. केव्हिन ब्राउनलो आणि अँड्रू मोलो, दोघंही सुरुवातीला अगदी पोरं, ब्राउनलो अठराचा. सुट्टीच्या दिवशी चित्रण करत आठ वर्षं लावली. ताब्यातल्या इंग्लंडमधली एक साधी नर्स हळूहळू नाझींच्या बाजूला कशी ओढली जाते, एवढीच गोष्ट. एका प्रसंगात खरे ब्रिटिश फॅसिस्ट स्वतःची मतं स्वतः बोलतात. त्यावरून इतका गदारोळ झाला की वितरकांनी तो भाग कापून सिनेमा लावला, पुढे तो परत जोडला.

अर्धा_कप:
हा माहीत नव्हता. शोधतो.

मधली_सुट्टी:
ठरलं. 'एसएस-जीबी' नवऱ्यासोबत, सबटायटल्ससकट. 'इंग्लिशमन्स कॅसल' मी एकटी. २६ भागांचं दिवाळीनंतर बघू. जुना_रेडिओ, त्यातला पहिला सीझन मंद आहे का? तसं असेल तर कुठून सुरू करू?

जुना_रेडिओ:
ताई, पहिल्यापासूनच. मंद आहेच, पण सुरुवातीचे भाग सोडले तर डॉक्टर आणि मेजर एकमेकांशी एवढं जपून का बोलतात ते कळणार नाही.