बरगड्या मोडल्यात, घरी सोडलंय, पण अप्पा गोळी घ्यायला तयार नाहीत

प्रश्न (दांडियाबाजारची सून, वडोदरा)

आमचे सासरे, वय 71. रावपुऱ्यातून ॲक्टिवावर घरी येत होते, गाय आडवी आली आणि ते डाव्या कुशीवर आपटले. एक्स-रेत एकच बरगडी मोडलेली दिसली, सीटी स्कॅनमध्ये तीन निघाल्या. सातवी, आठवी, नववी. फुप्फुस आणि पोट ठीक आहे म्हणाले, देखरेखीखाली ठेवलं आणि परवा घरी सोडलं.

घरी आल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. अप्पा गोळ्या घेतच नाहीत. "इतकं काही दुखत नाही, उगाच सवय लागेल" म्हणतात. पण खोकला आला की ओठ घट्ट मिटून दाबतात, हे मला दिसतं. श्वास अगदी वरवरचा. श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र दिलंय ते कपाटावर पडून आहे. शेजारच्या बा (आजी) म्हणतात हाडवैदाकडून पट्टा बांधून घ्या. डॉक्टरांनी तर काहीच बांधलं नाही, ते का? उत्तरायणाला (संक्रांतीला) नातवाबरोबर पतंग उडवायला गच्चीवर जायचं त्यांनी आत्ताच ठरवून टाकलंय. घरी या दुखण्यातून गेलेलं कुणी असेल तर कृपा करून लिहा.

उत्तर (मांजलपूर, निवृत्त)

ताई, मी यातून गेलोय. गच्चीच्या जिन्यावरून पडलो होतो, उजवीकडच्या चार बरगड्या. तुमचं वाचलं आणि राहवलं नाही.

अप्पांना एवढंच सांगा की गोळी दुखणं विसरण्यासाठी नसते, ती श्वास घेण्यासाठी असते. दुखतं म्हणून माणूस अर्धाच श्वास घेतो. मग फुप्फुसाचा तळचा भाग उघडतच नाही, तिथे कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. बरगडी आपली आपण जुळते. या वयात धोका असतो तो न्यूमोनियाचाच. सोसण्यात मर्दुमकी आहे असं आपल्या पिढीला वाटतं, पण या दुखण्यात सोसणं सरळ छातीवर उलटतं. डॉक्टरांनी दिलेली गोळी घड्याळ बघून द्या, "दुखलं तर" असं नाही. दुखणं एकदा चढलं की मग गोळीही त्याला लवकर आवरत नाही.

पट्टा बांधू नका. पूर्वी डॉक्टरही बांधायचे, पण त्याने छाती आवळली जाते आणि श्वास आणखी आखूड होतो, म्हणून ते सोडून दिलं. हाडवैदाला तर छातीला हात लावू देऊ नका.

मला घरी उपयोगी पडलं ते सांगतो. झोप आरामखुर्चीत, नाहीतर पाठीला तीन उशा लावून. सपाट झोपलं की उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. उठायचं ते कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताने रेटा देत. कुणी हात धरून ओढायचं नाही. एक घट्ट उशी कायम मांडीवर. खोकला आला की ती दुखऱ्या जागेवर दाबून धरायची आणि मग मनसोक्त खोकायचं. फोडणीच्या वेळी मला पुढच्या खोलीत बसवायचे आणि मधलं दार लावायचे, कारण एका शिंकेने सगळा दिवस जायचा. झोपाळा आम्ही चक्क आकड्यावरून काढून ठेवला, त्याचा हेलकावा सोसत नव्हता.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. ट्रॅमाडॉलसारख्या दुखण्यावरच्या जोरदार गोळीने पोट घट्ट होतं आणि कुंथताना बरगड्यांवर जोर येतो. पाणी भरपूर आणि रात्री इसबगोल, तो तर आपल्या गुजरातच्या उंझ्याच्या बाजारातलाच.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, अलकापुरी)

वरच्या काकांनी बरोबर लिहिलंय. यंत्राबद्दल सांगते. बरेच पेशंट त्यात फुंकतात. त्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. आधी श्वास पूर्ण सोडा, नळी ओठांत घट्ट धरा, सावकाश आत ओढा, चेंडू वर गेला की तीनेक सेकंद तसाच धरा. जागे असतील तेव्हा दर तासाला दहाएक वेळा, मध्ये दम घेत. चक्कर आली तर थांबायचं. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने केलं तर जमतं. पहिल्या दिवशी एकच चेंडू उचलला तरी चालेल. शिवाय अंथरुणात पडून राहू देऊ नका, दिवसातून चार-पाच वेळा घरातल्या घरात फिरवा.

उत्तर (कारेलीबाग)

माझ्या मामांना पट्ट्याने बरं वाटलं होतं, म्हणून लिहितो. सगळंच वाईट नसावं.

उत्तर (मांजलपूर, निवृत्त)

बरं वाटतं, खरं आहे. छाती हलत नाही म्हणून दुखत नाही, आणि नेमकं तेच नको आहे. 71 वर्षांच्या माणसावर हा प्रयोग नको.

ताई, घाई कशाची करायची तेही लक्षात ठेवा. ताप, पिवळा-हिरवा किंवा रक्त मिसळलेला बेडका, वाढणारा दम, बोलताना वाक्य तुटणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. अप्पांच्या डावीकडच्या खालच्या बरगड्या आहेत आणि त्यांच्याआड प्लीहा (स्प्लीन) असते, तिला मार लागला असेल तर आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. पोटात किंवा डाव्या खांद्याच्या टोकाला दुखू लागलं, घाम फुटून गरगरलं, तर 108 ला फोन, रिक्षाची वाट बघत बसू नका. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर जास्तच सावध.

उत्तरायणाचं म्हणाल तर हाड जुळायला सहा ते आठ आठवडे धरा, या वयात जास्तही. बारीक चमका नंतरही येत राहतात. गच्चीवर खुर्ची टाकून बसू द्या, पण पतंगाचा दोर हातात नको.

दांडियाबाजारची सून

काका, तुमचं उत्तर मी अप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. "श्वासासाठी" हे ऐकून बराच वेळ बोलले नाहीत, मग स्वतःच पाणी मागितलं आणि गोळी घेतली. संध्याकाळी यंत्रातला पहिला चेंडू वर गेला, नातू टाळ्या वाजवत होता. त्यांना बीपी आहे आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) थोडं वाढलेलं असतं, त्यामुळे घरात पडलेली डायक्लोफेनॅकची (किडनीला न सोसणाऱ्या दुखण्याच्या गोळीची) पाकिटं मी बाजूला काढली आहेत. चिठ्ठीत पॅरासिटॅमॉल आहे तेवढंच देते. शुक्रवारी दाखवायला जाताना हे सगळं डॉक्टरांना विचारते.