मदत हवी आहे : थर्मल टेस्ट नॉर्मल आली, तरी मॅमोग्राफी (स्तन दाबून काढतात तो एक्स-रे) करायची ना?

आमच्या वहिनींनी (वय ४८, राजारामपुरी, कोल्हापूर) गल्लीतल्या कॅम्पमध्ये ब्रेस्टची थर्मल टेस्ट केली, गार खोलीत दहा मिनिटं बसवून कॅमेऱ्यानं फोटो काढले, लाल-निळ्या ठिपक्यांचा कागद हातात दिला आणि नॉर्मल म्हणून सांगितलं. पण डाव्या बाजूला काखेजवळ हरभऱ्याएवढी गाठ लागतीय, दुखत नाही, पाळी होऊन गेली तरी तशीच आहे. घरात कुणाला कॅन्सर नाही.

मी वाचलंय की हा कॅमेरा फक्त कातडीची उष्णता मोजतो, आतली गाठ दाखवत नाही, आणि अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) पण सांगितलंय की हे मॅमोग्राफीच्या जागी चालत नाही. फॅमिली डॉक्टरांनीही मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही लिहून दिलीय. पण वहिनी म्हणतात रिपोर्ट चांगला आलाय, मग दाबून घेऊन रेडिएशन कशाला. मला तर रात्री झोप लागंना झालीय.

पुण्या-मुंबईचं सांगू नका, तेवढ्या लांब त्या येणार नाहीत. सीपीआरला (इथलं सरकारी हॉस्पिटल) किंवा कोल्हापुरात दुसरीकडं लेडी टेक्निशियन असलेली मॅमोग्राफी कुठं होते, अंदाजे खर्च किती, आणि कुणाच्या घरी असं झालं असेल तर बाईमाणसाला तयार कसं केलं?