दरोडेखोराचं तोंड झाकलेलं, तरी एक्सपर्ट म्हणतो दोघं सारखे. कोर्टाने असला पुरावा घ्यावा का?

ओसरीवाला: ऑस्ट्रेलियातली हनीसेट केस. २००८ ला सिडनीच्या उपनगरातल्या एका पबवर दरोडा पडला, सीसीटीव्ही आहे पण दरोडेखोराने तोंडावर कापड गुंडाळलेलं. सरकारी पक्षाने अॅनाटॉमीचे प्रोफेसर उभे केले, त्यांनी फुटेज पाहिलं, आरोपीचे फोटो पाहिले आणि सांगितलं दोघं सडपातळ, केस बारीक, डोकं लांबट, कमरेत बाक, फरक काही दिसत नाही. शिक्षा झाली. २०१४ ला तिथल्या हाय कोर्टाने, म्हणजे तिथलं सगळ्यात वरचं कोर्ट, हा पुरावा चालणार नाही म्हणून एकमताने निकाल फिरवला. बरोबरच केलं! माणूस बारीक आहे हे सांगायला प्रोफेसर कशाला, ज्युरीला डोळे नाहीत?

चष्मेबहाद्दर: नाही पटलं. एक्सरेत डॉक्टरला दिसतं ते तुला मला दिसतं का? प्रोफेसर "हाच तो" म्हणालेच नाहीत, साम्य सांगितलं फक्त, आणि तेवढं २००६ च्या टँग केसपासून न्यू साउथ वेल्सात, म्हणजे सिडनीच्या राज्यात, चालत होतंच. ऑस्ट्रेलियातल्याच फाल्कोनिओ नावाच्या माणसाच्या खून खटल्यात पण ट्रक स्टॉपच्या फुटेजवरून साम्यापुरती साक्ष अपीलात टिकली. उलटतपासणी असते ना राव.

ओसरीवाला: एक्सरेचं निदान ऑपरेशनला खरंखोटं कळतं, हे कशावर तपासणार? मोजमाप नाही, असल्या बांध्याची माणसं सिडनीत किती त्याचा हिशोब नाही. हडकुळ्याला एक्टोमॉर्फ म्हटलं की ज्युरी मान डोलावते, उलटतपासणी गेली उडत.

कोर्टवालीताई: थांबा जरा दोघं. कोर्टाने फोटो जुळवण्यावर सरसकट बंदी नाही घातलेली. तिथल्या एव्हिडन्स अॅक्टच्या कलम ७९ प्रमाणे मत हे पूर्णपणे किंवा बऱ्याच अंशी त्या माणसाच्या खास ज्ञानावर उभं पाहिजे, आणि इथे ज्ञान अॅनाटॉमीचं असलं तरी मत नुसतं बघून बनवलेलं होतं, त्याला शास्त्राचा मुलामा. २००१ च्या स्मिथ केसमध्ये तर बँकेतले फोटो बघून आरोपीला ओळखणाऱ्या दोन पोलिसांची साक्ष पण उडवली, कारण आरोपी आणि फोटो दोन्ही ज्युरीसमोर, पोलिसांना जास्तीचं काय दिसलं?

चष्मेबहाद्दर: म्हणजे तोंडाला फडकं बांधलं की सुटला!

कोर्टवालीताई: सुटला कुठे, खटला नव्याने चालवा म्हणालं कोर्ट. डीएनएचा पुरावा होता की वेगळा, तो ज्युरीपुढे मांडा आणि जिंका.