मदत हवी आहे: पाऊस केंद्रावर, खंड आमच्या शिवारात

राम राम मंडळी. शिंदखेडा तालुक्यात आमचं कोरडवाहू शेत. बरीचशी कपाशी, खाली अर्धा एकर डाळिंब. कपाशीच्या विम्याचं कळलं, ती भरपाई महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांतलं पीक कापून मोजलेल्या उत्पादनावर ठरते. अडलंय डाळिंबाच्या मृग बहारापाशी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर धरलेल्या बहाराच्या विम्यापाशी. तो विमा हवामानावर आधारित, म्हणजे बागेचा पंचनामा नाही. मंडळाच्या स्वयंचलित हवामान केंद्रावर पाऊस किती पडला आणि पावसाचा खंड किती दिवसांचा, एवढंच बघतात. केंद्र आमच्यापासून बरंच लांब. तिकडे दोन सरी झाल्या की खंड मोडला, इकडे पानं गुंडाळलेली, अन् नंतर एकदम पाऊस आला तर फळं तडकलेली! शेजारचे भाऊ म्हणतात, "पैसे भरू नको." मला तेही पटत नाही, ओलीत नसलेल्याला दुसरा आधार काय?

तर विचारायचं हे: केंद्राची रोजची पावसाची नोंद तारखेनिशी कुठे मिळते? ट्रिगरचा (किती पावसाला, किती खंडाला भरपाई लागू होते त्याचा) तक्ता शासन निर्णयात बघायचा की तालुका कृषी कार्यालयात मागायचा? आणि केंद्र झाडाखाली किंवा भिंतीला खेटून असेल तर तक्रार कोणाकडे करायची? साक्री, पारोळा, अमळनेरकडच्या कोणी केली असेल तर अर्ज कसा लिहिला तेवढं सांगा.