४५० वॅटच्या एसएमपीएसवर आरटीएक्स ४०६० चालेल का?

रात्रपाळी:
मंडळी, सल्ला हवा आहे. मशीन असं आहे: आय५-१०४००, १६ जीबी रॅम, एक एसएसडी, एक जुनी हार्ड डिस्क आणि जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड. मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्‌झ. १०५० टीआयने खूप साथ दिली, पण त्याची ४ जीबी मेमरी आता नव्या गेमना पुरत नाही. टेक्स्चर (गेममधल्या पृष्ठभागांवरची चित्रं) सगळ्यात खाली आणूनही नव्या भागात शिरलं की गेम अडकतो. भिंती आधी चिखल फासल्यासारख्या दिसतात, मग हळूहळू विटा उमटतात.

आरटीएक्स ४०६० घ्यायचं मनात आहे. कंपनी म्हणते एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, ५५० वॅटचा हवा. माझा ४५० चा, मशीनसोबत आलेला. १०५० टीआयला वेगळी वायर लागतच नव्हती, त्यामुळे हा प्रश्न कधी पडला नाही. आणि कार्ड स्वतः तर ११५ वॅटच खातं, मग ५५० कशाला? दोन्ही एकदम घेणं जमणार नाही. आधी काय घेऊ?

झटपट:
चालेल की! माझं ४०६० साडेचारशेवरच चालतंय, एकदाही बंद पडलेलं नाही. बिनधास्त घ्या.

सोल्डरगन:
झटपट यांचं चालत असणार, पण त्यांचा ४५० आणि तुमचा ४५० एकच असेल असं नाही. रात्रपाळी, मशीन बंद करा, प्लग काढा, कॅबिनेटचं बाजूचं झाकण उघडा आणि एसएमपीएसवरचा स्टिकर वाचा. त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर आणि एकूण किती वॅट लिहिलंय ते इथे टाका. ग्राफिक्स कार्डासाठी निघालेली वायर आहे का आणि तिला किती पिना आहेत, तेही सांगा.

मोठ्या अक्षरातला ४५० हा सगळ्या व्होल्टेजची बेरीज असतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात. ५ आणि ३.३ व्होल्टवर कितीही वॅट शिल्लक असले तरी ते कार्डाच्या कामाचे नाहीत.

आता ५५० चं. तुमच्या मशीनमध्ये कोणता प्रोसेसर आहे, एसएमपीएस चांगला आहे की सुमार, हे कार्ड बनवणाऱ्याला माहीत नसतं. म्हणून तो मोकळाढाकळा आकडा देतो. शिवाय ११५ ही सरासरी आहे. कार्ड क्षणभरासाठी, म्हणजे अगदी मिलिसेकंदांपुरतं, त्याच्या बरंच वर उडी मारतं. चांगला एसएमपीएस ती उडी पचवतो, कच्चा असेल तर मशीन ऐन खेळात रीस्टार्ट होतं.

रात्रपाळी:
स्टिकर बघितला. +१२व्ही१ १३ अँपिअर, +१२व्ही२ १५ अँपिअर. त्याखाली दोन्ही मिळून ३०० वॅट. ३.३ आणि ५ मिळून १३० वॅट. १३ अधिक १५ म्हणजे २८, गुणिले १२ म्हणजे ३३६ यायला हवेत ना? आणि कार्डासाठी एकच ६ पिनची वायर आहे, ती आजवर कॅबिनेटच्या तळाशी गुंडाळून पडलेली होती.

सोल्डरगन:
नाही, त्या दोन ओळींची बेरीज करायची नसते. प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे तेवढं देऊ शकते, पण दोन्ही एकत्र ३०० च्या वर जाणार नाहीत. तेव्हा तुमचा एसएमपीएस आपल्या कामापुरता ३०० वॅटचा धरायचा.

आता हिशोब मांडू. आय५-१०४०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं आणि गेम खेळताना तो साधारण तेवढ्याच्याच आसपास राहतो. पण मदरबोर्डाने मोकळं सोडलं तर थोड्या वेळासाठी १३४ पर्यंत जाऊ शकतो. कार्डाचे ११५. बोर्ड, पंखे, डिस्क यांचे ४० धरा. नेहमीच्या खेळात २२० च्या घरात, आणि सगळ्यांनी एकदम जोर लावला तर २८९. कागदावर बसतं. पण मशीनसोबत आलेला, वर्षानुवर्षं वापरलेला एसएमपीएस स्टिकरवरच्या शेवटच्या वॅटपर्यंत ओढायचा नसतो, आणि त्या उड्या या हिशोबात धरलेल्याच नाहीत.

त्याहून मोठी अडचण वायरीची आहे. ४०६० च्या बहुतेक मॉडेलना ८ पिनचं सॉकेट असतं. बोर्डाचा स्लॉट ७५ वॅट देतो, ६ पिनची वायर आणखी ७५, ८ पिनची १५०. बेरीज बघितली तर ११५ साठी ६ पिन पुरते, पण ८ पिनच्या सॉकेटात नुसती ६ पिन लावली तर बरीच कार्डं चालूच होत नाहीत.

झटपट:
त्यासाठी कनव्हर्टर मिळतो ना. डिस्कला वीज देणाऱ्या साटा वायरीतून ८ पिन बनवणारा. दोन मिनिटांचं काम.

सोल्डरगन:
तो मात्र कृपा करून लावू नका, हे कळकळीने सांगतो. साटाच्या वीजजोडात १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे सगळं मिळून ५४ वॅट. तो जोड डिस्कसाठी बनवलेला आहे. पुढे ८ पिनचं तोंड जोडलं म्हणून मागून १५० येत नाहीत. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका मशीनमध्ये असाच कनव्हर्टर होता. काळं प्लास्टिक कडेने तपकिरी होऊन फुगलं होतं, एक पिन आत वितळून बसली होती आणि जोड ओढला तर निम्मा हातात आला. कार्ड वाचलं, पण शेजारून गेलेल्या वायरीचं आवरणही चिकट झालं होतं. मशीन घरात चालू असतं, माणसं शेजारी झोपलेली असतात. या एका बाबतीत मी कुणालाही ‘बघा चालतंय का’ म्हणणार नाही.

रात्रपाळी:
पटलं. मग एसएमपीएसला हात न लावता आरटीएक्स ३०५० घेऊ का? ते वायरीशिवाय चालतं असं वाचलं.

सोल्डरगन:
त्यात दोन प्रकार आहेत आणि दुकानदार दोन्हींना ३०५० च म्हणतो, म्हणून नीट बघा. ८ जीबीवालं १३० वॅटचं, त्याला वायर लागते. २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीवालं ७० वॅटचं, ते स्लॉटवरच भागवतं. पण नुसती मेमरी कमी केलेली नाही. कोर २५६० ऐवजी २३०४ आहेत आणि मेमरीची वाट १२८ बिटवरून ९६ वर आली आहे. तरी १०५० टीआयच्या मानाने ती मोठी उडी आहे, डीएलएसएसही (कमी पिक्सेलचं चित्र काढून एआयने मोठं करणारी सोय) मिळतं. भिंतींचं दुखणं बऱ्यापैकी जाईल. एसएमपीएस बदलताच येत नसेल तर माझं मत त्यालाच.

तुमचा बदलता येतो. म्हणून मी म्हणेन, आधी एसएमपीएस घ्या. नामवंत कंपनीचा, ५५० चा, ज्याच्या १२ व्होल्टवर जवळपास सगळे वॅट मिळतात असा. पुढची दोन कार्डं तो सांभाळेल. तोवर १०५० टीआयवर टेक्स्चर खाली ठेवून काढा, मग ४०६०. एक ध्यानात ठेवा, तुमचा प्रोसेसर पीसीआय एक्स्प्रेस ३.० चा (कार्ड ज्या जोडातून प्रोसेसरशी बोलतं त्याची जुनी, कमी वेगाची आवृत्ती) आणि ४०६० त्या जोडाच्या आठच लेन, म्हणजे वाटा, वापरतं. १०८०पीला फरक थोडाच पडतो, ८ जीबी भरून वाहिली तरच जाणवतो. मॉनिटर ६० हर्ट्‌झचा आहे तर फ्रेमही सेकंदाला ६० वर बांधून टाका, कार्ड बराच वेळ ११५ च्या खालीच राहील.

रात्रपाळी:
ठरलं, आधी एसएमपीएस. नवा मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या काढता येणारा, घेतला तर जुनी ६ पिनची वायर जादा म्हणून वापरता येईल का?

सोल्डरगन:
नाही. मॉड्युलर वायरीचं कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसकडचं नसतं. पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही. चुकीची वायर बसते नीट, आणि १२ व्होल्ट भलत्याच ठिकाणी जातात. खोक्यातल्या वायरीच वापरा. आणि ‘सीपीयू’ लिहिलेली ८ पिन कार्डाला लावायची नाही, ती ४+४ अशी सुटते, कार्डाची ६+२.