डायलिसिसचे पोट्टे टिकत काहून नाहीत? सेवाभावाचं उत्तर पुरे झालं

काळी_माती:
काल इथं एका साहेबांनी लिहिलं, की तालुक्याच्या केंद्रात डायलिसिस तंत्रज्ञ टिकत नाहीत, कारण नव्या पोरांत सेवाभाव उरला नाही. वर्षातून एकदा शाल-श्रीफळ द्या, टिकतील. चंद्रपूरच्या मे महिन्यात शाल!

टिकणारा दोन गोष्टींवर टिकतो. पहिली, वाट्याला मशीन किती. तीन असले तर दर तासाला बीपी नोंदवून, प्रेशर पाहून काम होते. पाच-सहा दिले की एकाचं बीपी पडते (यूएफ, म्हणजे अंगातलं पाणी ओढणं बंद, पाय वर, 100-200 मिली सलाईन), तेवढ्यात दुसरीकडे व्हीनस प्रेशरचा (रक्त परतीच्या नळीतल्या दाबाचा) अलार्म, आणि तिसऱ्याचं रक्त परत द्यायची वेळ झालेली. दुसरी, हाताला किंमत. तेच पेशंट, वर्षानुवर्षं. कोणाच्या फिस्चुलात (सुईसाठी ऑपरेशननं धमनीले जोडलेल्या शिरेत) 16 नंबरची सुई जाते, कोणाला 17 लागते, एकाच जागी टोचून कुठं फुगा आला, हे त्यालेच ठाऊक. पेशंट त्याचाच हात मागतो. हा मान शालीत नाही भेटत.

शिस्तप्रिय:
ते साहेब मीच. एकाच केंद्रात, एकाच पगारावर एक जण सहा वर्षं राहतो, दुसरा तीन महिन्यांत नागपूर गाठतो. मशीन तेवढीच. मग फरक वृत्तीचा नाही तर कशाचा?

कपाशी_बोंड:
फरक घराचा, साहेब. राहणाऱ्याचं शेत-घर तिथंच असते. बाहेरच्याले 11 महिन्यांची ऑर्डर. टेंडर बदललं की कंपनी नवी, माणूस तोच, अन् नोकरी पहिल्या दिवसापासून. फोनवर डॉक्टर, खाटेजवळ हा एकटा. जबाबदारी पक्की, नोकरी कच्ची.

आरओ_रूम:
पगार, ऑर्डर सगळं खरं. पण माणूस पळते तो पाण्यानं, अन् त्यावर कोणी बोलूनच नाही रायलं. डायलायझेट (रक्त साफ करणारं पाणी-क्षाराचं द्रावण) 500 मिली मिनिटाला, चार तासांत 120 लिटर. आरओनं निम्मं फेकलं धरा, म्हणजे एका पेशंटमागं 240 लिटर कच्चं पाणी. पाच मशीन, दोन शिफ्ट : 2400, रिन्स अन् डिसइन्फेक्शन वेगळं. एप्रिल-मेत हे टँकरनं येते. टँकर बोलावणारा कोण? तंत्रज्ञ.

शिस्तप्रिय:
ही देखभालीची तक्रार झाली. आरओ बसवलेला आहे, त्यात सगळं निघतं.

आरओ_रूम:
सगळं निघते? क्लोरामाइन (क्लोरीन अन् अमोनियाचं संयुग) आरओतून पार जाते, साहेब. त्याले कार्बन टाकीच अडवते. म्हणून सकाळी प्लांट 15 मिनिटं चालवून कार्बननंतरच्या नळावर टोटल क्लोरीन पाहायचं, लिटरमागं 0.1 मिग्रॅच्या वर असेल तर शिफ्ट सुरू करायची नाही. टँकरवाल्यानं ब्लीचिंग अंदाजानं ओतलेलं असते, अन् कार्बन बदलायची फाइल जिल्ह्यात झोपलेली. ते पाणी गेलं तर लाल पेशी फुटतात : छातीत-पाठीत दुखणं, धाप, परतीच्या नळीतलं रक्त गडद अन् पारदर्शक. तेव्हा पंप बंद, क्लॅम्प, अन् ते रक्त परत द्यायचं नाही. फुटलेल्या पेशींतलं पोटॅशियम हृदय बंद पाडते.

सॉफ्टनरचं (जड पाणी मऊ करणाऱ्या टाकीचं) वेगळं. आपल्या बोअरचं पाणी जड. मिठाची पोती आली नाहीत की त्यातलं रेझिन पुन्हा ताजं (रिजनरेट) होत नाही, आरओच्या मेम्ब्रेनवर (गाळायच्या पडद्यावर) थर बसते, पाणी कमी येते. कॅल्शियम पुढं गेलं तर पेशंटले उलट्या, डोकेदुखी, बीपी वर. नातेवाईक कोणावर ओरडतात? मिठाच्या ठेकेदारावर नाही. यवतमाळकडं फ्लोराइड आहेच : पिण्याले पर्याय नसला तर लिटरमागं 1.5 मिग्रॅ चालते, डायलिसिसले 0.2. आता वृत्तीचं सांगा.

वणीचा_पाहुणा:
रीयूजही घ्या, म्हणजे डायलायझर (रक्त गाळायचं नळकांडं) धुऊन पुन्हा वापरणं. फायबर व्हॉल्यूम (आतल्या बारीक नळ्यांत मावणारं माप) मूळच्या 80 टक्क्यांखाली गेला की डायलायझर फेकायचा. स्टॉक नसला की "अजून एकदा चालवा" हे तोंडी सांगतात. वहीत सही मात्र तंत्रज्ञाची.

शिस्तप्रिय:
सगळं प्रशासनाच्या माथी! पेशंट दोन डायलिसिसच्या मधे पाणी पिऊन चार किलो वजन वाढवून येतात, तेही आमच्यामुळंच का?

काळी_माती:
अंशतः, हो! 50 किलोचा माणूस, पाणी ओढायची तासाला किलोमागं 13 मिली हद्द धरली तर चार तासांत 2.6 लिटर. चार लिटर ओढले की गोळे येतात, बीपी पडते. आठवड्यातून तीनदा बोलवा म्हटलं तर स्लॉट नाही. वरून एसटी चुकेल म्हणून तो अर्धा तास आधी उठते.

शिस्तप्रिय:
बरं बाबा, शाल राहू द्या. मीठ आणि कार्बनची मागणी पुढच्या इंडेंटमध्ये आधी टाकतो. पण पाच मशीनला दोन माणसं मंजूर आहेत, तिसरं पद माझ्या हातात नाही.

कपाशी_बोंड:
मंजूर दोन, हजर एक. दुसरा लसीकरणाच्या नोंदी भरायले पाठवलेला असते. त्याले परत आणाले कोणतं पद लागते?

आरओ_रूम:
अन् इंडेंटमध्ये क्लोरीनच्या स्ट्रिपा लिहा. मुदत पाहून घ्या, मागच्या खेपेच्या डब्या संपलेल्या तारखेच्या होत्या.